दाणे चालतील, हललेला चेहरा नको

म्हसावदसारख्या गावात फोटोचं दुकान चालवणाऱ्याला वर्षभरात जेवढे उजेड भेटतात, तेवढे सगळे होळीच्या एका दिवसात भेटतात. सकाळी दुकानातला फ्लॅश, दुपारी शेतातलं पांढरंफटक ऊन, संध्याकाळी सातपुड्याच्या घाटातली सावली, रात्री पौर्णिमेचं चांदणं आणि पहाटे काठी गावच्या राजवाडी होळीचा जाळ. कॅमेरा तोच, भिंगं तीच, हातही तेच. दिवसभर बदलत राहतो तो आयएसओचा आकडा. त्या एका दिवसाचा हा हिशेब.

सकाळी ७

रात्रभर लाइट टिकली, म्हणून सगळ्या बॅटऱ्या भरलेल्या आहेत. दुकानाचं शटर वर करायच्या आधीच मी कॅमेरा तपासतो. आदल्या रात्रीचं काम करून कॅमेरा तसाच पिशवीत गेला असेल, तर आयएसओ रात्रीचाच राहिलेला असतो आणि सकाळचं पहिलं गिऱ्हाईक भुतासारखं पांढरं निघतं. ही तपासणी देवाला उदबत्ती लावण्याइतकी नेमाची.

यंदा भाचा हाताखाली आहे. बारावी झाली, पुढचं ठरायचंय, तोवर मामाचं दुकान. त्याच्या हातात कॅमेरा दिला की तो आधी आयएसओ ऑटोवर टाकतो आणि निश्चिंत होतो.

"मामा, कॅमेऱ्याला कळतं ना सगळं, मग तुम्ही कशाला डोकं लावता?"

ऑटोवर माझा राग नाही. कुंपण नसलेल्या ऑटोवर आहे. मेनूत शिरलं की दोन गोष्टी ठरवता येतात: आयएसओ जास्तीत जास्त कुठवर चढू द्यायचा, आणि शटर कमीत कमी किती ठेवायचं. कंपनीने दिलेलं शटर बहुधा भिंगावरून ठरतं, म्हणजे ५० एमएमच्या भिंगाला १/५० च्या आसपास. त्याने आपला हात हलल्याचं झाकलं जातं. समोरचा माणूस नाचत असेल तर त्याचा उपयोग होत नाही. भाच्याच्या कॅमेऱ्यात मी आज शटरची कमीत कमी मर्यादा १/१२५ केली आणि आयएसओची वरची मर्यादा ६४००.

आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त उजेड ओढतो, असं निम्म्या लोकांना वाटतं. तसं नाही. किती उजेड आत येणार ते भिंगाचं तोंड आणि शटर मिळून ठरवतात. सेन्सर तेवढाच झेलतो. आयएसओचं काम त्यानंतर सुरू होतं, झेललेला सिग्नल मोठा करून दाखवायचं. डीजेवाल्याने आवाज वाढवला म्हणून गायक जोरात गात नाही. गाण्याबरोबर माइकची खरखरही वाढते.

मग फोटोतले दाणे कुठून येतात? उजेड फोटॉनच्या कणाकणाने येतो, आणि तो मोजून-मापून सारखा येत नाही. एका पिक्सेलवर सरासरी दहा हजार फोटॉन पडत असतील, तर त्यातला चढउतार साधारण शंभराचा असतो, म्हणजे एक टक्का. शंभरच पडत असतील, तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. तो दहा टक्क्यांचा चढउतार म्हणजेच काळ्या भागात दिसणारे दाणे. म्हणजे मूळ दुखणं कमी उजेडाचं आहे. आयएसओच्या आकड्याने ते फक्त उघडं पडतं. अंधारात आयएसओ कमी ठेवून काढलेला काळा फोटो नंतर कॉम्प्युटरवर उजळला, तरी दाणे यायचे ते येतातच, आणि पुष्कळदा जास्त ओंगळ येतात.

भाच्याने मान हलवली. कळलं की नाही ते रात्री काठीला कळेल.

सकाळी साडेनऊ

पासपोर्ट फोटोवाले. होळीचा दिवस असला तरी अर्जांच्या तारखा थांबत नाहीत.

आमच्या शहादा तालुक्याला फोटोच्या बाबतीत एक मान आहे. देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली ती तालुक्यातल्याच टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक माणसाचा निदान एक तरी फोटो सरकारी कॅमेऱ्याने काढलेला आहे, आणि तो आपल्यासारखा दिसत नाही ही तक्रारही प्रत्येकाकडे आहे. माझ्या दुकानाला त्याचा फायदाच होतो.

आत काम सोपं. दोन फ्लॅश, आयएसओ १००, एफ ८, शटर १/१२५. इथे ऑटो आयएसओ पूर्ण बंद ठेवावा लागतो. कॅमेऱ्याला समोर फक्त अंधारी खोली दिसते, पुढच्या क्षणी दोन दिवे कडाडणार आहेत हे त्याला माहीत नसतं. तो बिचारा आयएसओ दोन-तीन हजारावर नेऊन ठेवतो आणि चेहऱ्याचा नुसता कागद होतो.

दहाच्या सुमारास लाइट गेली. पावरा समाजातल्या एक आजी खुर्चीवर बसलेल्या, डोक्यावर पांढरा पदर, चेहरा उन्हात रापलेला. पेन्शनच्या कागदाला फोटो हवा होता आणि परतीची गाडी चुकवायची नव्हती. खुर्ची उचलून दारात आणली. आमचं दार उत्तरेला आहे, त्यामुळे ऊन थेट येत नाही, आकाशाचा मऊ उजेड येतो. एफ ४, १/१२५, आयएसओ ८००.

पहिल्या फोटोत चेहरा काळवंडून आला. कारण ठरलेलं. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या सगळ्या चित्राची सरासरी काढतं आणि ती मध्यम करड्या रंगाला आणून बसवतं. पांढरा पदर आणि पांढरा पडदा मिळून त्याला वाटतं, फार उजेड झाला. मग ते सगळंच दाबतं, आणि त्यात चेहरा बुडतो. अशा वेळी मीटरचं ऐकायचं नसतं. आयएसओ ८०० वरून १२५० केला, पदराची चकाकी थोडी उडाली तर उडू दिली. आजींच्या कपाळावरचं गोंदण स्पष्ट आलं.

फिल्मच्या जमान्यात सावळा चेहरा बुडवायची लबाडी कारखान्यातच झालेली असायची. कोडॅक कंपनी लॅबवाल्यांना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो पाठवायची. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा रंग बरोबर आला म्हणजे सगळं बरोबर, असा कित्येक वर्षं हिशेब होता. आता कार्ड गेलं, पण "भाऊ, जरा गोरा करा" हे गेलं नाही. मी उजेड नीट देतो, रंग बदलत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं शहाद्याला जातात.

आजींनी फोटो पाहिला, गोंदणावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "किती झाले?"

दुपारी १२

गावाबाहेर एका शेतात नव्या ट्रॅक्टरची पूजा. फाल्गुनातलं बाराचं ऊन म्हणजे आमच्याकडे उन्हाळाच. दोन्ही बाजूंनी पपई उभी, मधोमध लालबुंद ट्रॅक्टर, त्याच्या बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, आणि समोर पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले चार पिढ्यांतले पुरुष.

इतक्या उन्हात आयएसओचा प्रश्न नाही, असं वाटतं. १००, एफ ११, १/२५०, झालं. प्रश्न आहे तो सावलीचा. टोपीखालचे डोळे म्हणजे दोन काळी भोकं. भाचा म्हणाला, "आयएसओ वाढवा ना मामा, डोळे उजळतील." उजळतील, पण त्याबरोबर सदरेही उजळून पार उडतील. आयएसओ सगळ्या चित्राला एकाच मापाने वाढवतो. ऊन आणि सावलीतली दरी त्याने भरत नाही. उलट आकडा जितका चढवावा, तितकी ती दरी झेलायची सेन्सरची ऐपत कमी होते. म्हणून कडक उन्हात १०० वरच राहायचं आणि डोळ्यांसाठी फ्लॅशचा हलका मारा द्यायचा. भर दुपारी फ्लॅश उडताना पाहून शेतमजूर हसले.

खरं सांगायचं तर चेहऱ्यांसाठी लिंबाची सावली पंचवीस पावलांवर होती. तिथे आयएसओ ४०० वर झकास फोटो आले असते. मी सुचवलं. मालक म्हणाले, "अहो भाऊ, सावलीत ट्रॅक्टरचा रंग चमकेल का?" नाही चमकणार. तो फोटो ट्रॅक्टरचा होता, हे मला उशिरा लक्षात आलं.

एक मात्र पाळतो: कॅमेरा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवत नाही. सेन्सर तापला की उजेड नसतानाही त्याच्यात सिग्नल तयार होतो, आणि तोही दाणे होऊनच दिसतो. खानदेशच्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिक्कीत तासभर राहिलेला कॅमेरा संध्याकाळी रुसलेला असतो. ओल्या पंच्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली आणि कॅमेरा एकाच पिशवीत, पण वेगळ्या कप्प्यात.

दुपारी ३

जेवण, पुरणपोळी, मग कॉम्प्युटर. गेल्या आठवड्यातल्या एका लग्नाचे फोटो निवडायचे आहेत.

मिरवणुकीच्या फोटोंत आडवे पट्टे आलेले आहेत, एक उजळ, एक काळा. हा आयएसओचा दोष नाही. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, त्यामुळे हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही. १/५०० च्या शटरला बरोबर कळतं. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की पट्टे जातात. डीजेच्या दिव्यांचा मात्र वीजवाहिनीशी संबंध नसतो, त्यांची आपली चाल वेगळी. तिथे एकेक शटर लावून पडद्यावर बघत बसावं लागतं. आणि त्यांची लेझर थेट भिंगात शिरली तर सेन्सरवर कायमची रेघ उठते. ती पुसायला कुठलंच सॉफ्टवेअर नाही.

दाणे पुसायला मात्र सॉफ्टवेअर आलं आहे. अडोबीने लाइटरूममध्ये एआयवाला डीनॉइज एप्रिल २०२३ मध्ये दिला. तो खरंच कामाचा. मंडपातले आयएसओ ६४०० चे फोटो धुऊन स्वच्छ निघतात. भाच्याचं म्हणणं, हे हातात असताना आयएसओची एवढी काळजी कशाला.

त्याला मी गेल्या होळीचा एक फोटो उघडून दाखवला. काठीचाच. तिथे होळीला नाचणाऱ्या बुध्याच्या अंगावर राखेचे, तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके असतात, ओळीने, नक्षीसारखे, छातीपासून पोटरीपर्यंत. जवळचा नाचणारा सॉफ्टवेअरने छान ठेवला. मागे दूरवर चौघे होते, चित्रात बोटाएवढे. त्यांच्या अंगावरचे ठिपके म्हणजे काळ्यावर पांढरे बारीक बिंदू, आणि सॉफ्टवेअरने ते दाणे समजून साफ केले. चौघे गुळगुळीत, जणू नुकतेच आंघोळ करून आले. ज्या नक्षीसाठी एवढं नटायचं, तीच गेली.

मूळ फोटोत दाणेही होते आणि ठिपकेही. ठिपके एका रांगेत असल्यामुळे माणसाच्या डोळ्याला ते बरोबर वेगळे ओळखू येतात. तो फोटो मी दाण्यांसकट ठेवला आहे. माझ्या मते रात्रीच्या फोटोत थोडी रात्र दिसावी.

संध्याकाळी ५

निघायची तयारी. ५० एमएमचं एफ १.८ चं भिंग, ते या रात्रीचा राजा. शोरूममध्ये लोक लांब झूम भिंग आधी घेतात. एफ ५.६ च्या झूमपेक्षा एफ १.८ मधून साधारण दहापट उजेड आत येतो, म्हणजे जिथे झूमवाल्याला आयएसओ १६,००० लागतो तिथे माझं १६०० मध्ये भागतं. तेही एका साध्या, प्लॅस्टिकच्या, स्वस्तातल्या भिंगावर. मोठा कॅमेरा घ्यायला पैसे साठवणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी हे भिंग घ्यायला सांगतो.

सोबत पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, पुरणपोळीचा डबा. फ्लॅश घरी.

संध्याकाळी ७

गावातली होळी पेटायच्या आत आम्ही घाटाला लागलो. वर धडगाव, पुढे मोलगी, मग काठी. या वाटेवर उजेड फार भराभर उतरतो. डोंगर पश्चिमेला आडवा आला की अर्ध्या तासात आयएसओ २०० चं काम ३२०० वर जातं. भाच्याला मी आकडे मोठ्याने म्हणायला लावले: २००, ४००, ८००, १६००. दर वेळी दुप्पट, म्हणजे एक स्टॉप. शटर एक पायरी हळू केलं किंवा भिंग एक पायरी उघडलं, तरी तेच. तिघांतला एक हलला की दुसऱ्याने भरून काढायचं, सगळी विद्या एवढीच.

रोलच्या काळात हे आकडे असे चढवता यायचे नाहीत. कॅमेऱ्यात १०० ची फिल्म घातली की छत्तीस फोटो संपेपर्यंत १००. संध्याकाळ झाली म्हणून रोल काढून ४०० चा घालायचा तर उरलेले फोटो वाया. आधी अमेरिकेचं एएसए माप वेगळं, जर्मनांचं डीआयएन वेगळं. १९७४ मध्ये दोन्ही एकत्र करून आयएसओ झालं, म्हणून फिल्मच्या खोक्यावर १००/२१ असे दोन आकडे असत. आपल्याकडेही उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, त्यांची इंदू नावाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. तो शंभर-चारशेचा हिशेब डिजिटलने जसाच्या तसा उचलला, आणि डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ कसा मोजायचा याचं वेगळं प्रमाण १९९८ मध्ये निघालं.

भाचा म्हणाला, "म्हणजे तेव्हा लोक रात्री फोटोच काढत नव्हते?" काढायचे. फ्लॅश मारून. म्हणून त्या काळातल्या जुन्या अल्बमात रात्री नाचणारी सगळी माणसं काळ्या भिंतीपुढे उभी केल्यासारखी दिसतात.

धडगावला चहा. तिथून पुढे रस्त्याने ढोल ऐकू येत होते. गावोगावचे नाचणारे जीपमध्ये, ट्रॅक्टरवर, पायी, काठीच्या दिशेने.

रात्री ११

काठीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. इथली होळी संस्थानच्या काळापासूनची, राजवाडी म्हणून मानाची. ती संध्याकाळी पेटत नाही, पहाटे पेटते. तोवर रात्रभर नाच. बुध्यांच्या डोक्यावर बांबूचे उंच टोप, मोरपिसं खोचलेली. कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं. काहींचे बावा, मोरखी अशा दुसऱ्या नाचणाऱ्यांचे वेश. यातले कित्येक जण आधीचे काही दिवस पालनी पाळतात, खाण्याझोपण्याचे कडक नियम सांभाळतात. हा नवस आहे, करमणूक नाही, हे तिथे गेल्यावर कुणी सांगावं लागत नाही.

वर पौर्णिमेचा चंद्र. वाटेवरचा दगड दिसेल इतकं चांदणं. भाच्याने कॅमेरा उचलला आणि पडदा काळा.

"मामा, डोळ्याला तर दिसतंय की."

डोळा हे फार हुशार यंत्र आहे. हिशेब असा: पौर्णिमेच्या चांदण्यात एफ २ आणि १/१२५ वर नीट फोटो हवा असेल, तर आयएसओ साधारण चार लाखांवर न्यावा लागतो. २०१४ मध्ये सोनीने ए७एस नावाचा कॅमेरा काढला, त्याचा सगळ्यात वरचा आकडा ४,०९,६०० आहे, म्हणजे जवळपास तेवढाच. पण तो आकडा वापरलेला फोटो पाहिला तर चांदण्याऐवजी वाळूचं वादळ वाटेल. आमच्या कॅमेऱ्यांना मशालींची, दुकानांच्या बल्बांची आणि शेकोट्यांची वाट बघावी लागते.

गंमत म्हणजे चंद्राचा स्वतःचा फोटो काढायला आयएसओ १०० पुरतो, कारण तो उन्हात उभा असलेला दगड आहे. खाली चार लाख, वर शंभर, एकाच चौकटीत. म्हणून चंद्र आणि नाचणारे दोघेही नीट आलेला फोटो कुणी दाखवला, तर तो दोन फोटो जोडून केलेला असतो, हे समजून चालावं.

शेजारी एक तरुण मोबाईल वर धरून उभा. मोबाईलचा नाइट मोड बऱ्याच चौकटी एकामागून एक घेऊन त्या एकावर एक बसवतो, त्यामुळे दाणे कमी होतात. मंदिर, झाड, घर यांना उत्तम. नाचणाऱ्या माणसाचे मात्र चार हात येतात. त्याने मला फोटो दाखवला. खरंच चार होते. त्याला तो आवडला होता.

रात्री २

एका शेकोटीजवळ आम्ही जागा धरली. एफ २, १/१२५, आयएसओ ६४००. बुध्या शेकोटीला पाठ करून आला की काळी आकृती, तोंड फिरवलं की कपाळ, गाल, छातीवरच्या ठिपक्यांची रांग सोनेरी. कधी जाळ उंच झाला तर ३२०० पुरायचा.

भाच्याने इथे १/६० करून बघितलं. आयएसओ निम्मा झाला, दाणे कमी, तो खूश. मग पडद्यावर मोठं करून पाहिलं तर घुंगरांची रेघ झालेली आणि चेहऱ्याला दोन नाकं. इथे मी त्याला एकच गोष्ट सांगितली. दाण्यांचा फोटो घरातला माणूस ओळखतो. हललेला चेहरा आईलाही ओळखता येत नाही, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. तेव्हा आधी शटर ठरवायचं, समोरचा कसा हलतोय ते बघून. मग भिंग जेवढं उघडेल तेवढं. उरलेला बोजा आयएसओवर टाकायचा, तो आकडा कितीही भयंकर वाटो. त्याने ६४०० ची मर्यादा स्वतःहून १२,८०० केली. उंच उडी मारणाऱ्या एकाला १/२५० ला धरलं. दाणे खूप होते, पण पाय हवेत होते, पिसं हवेत होती.

बाहेरून आलेले काही जण फ्लॅश मारत नाचणाऱ्यांच्या पुढ्यात शिरत होते. फ्लॅशने जाळाचा रंग मरतो हा आमचा धंद्याचा राग. खरी गोष्ट त्याहून साधी आहे: दिवसभर उपाशी, रात्रभर नाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत दिवा मारू नये. एका ढोलवाल्याने हात आडवा केला, तेव्हा ते हटले. आम्हाला त्याने जवळ बोलावून बसवलं.

पहाटे ५

होळीचा उंच बांबू, पानाफुलांनी सजवलेला, गर्दीच्या मधोमध. पेटल्या क्षणी मीटर वेडं होतं. ज्वाळा इतकी पांढरी की ते सगळं चित्र दाबून टाकतं, आणि भोवतीची हजारो माणसं काळोखात जातात. तेव्हा मॅन्युअल. भाच्याचं ऑटो मी काढून टाकलं. ज्वाळेचा गाभा उडाला तर उडू द्या, ज्वाळा तशीच असते. माणसांचे चेहरे सांभाळा. १/२५०, एफ २, आयएसओ ३२००.

मग हळूहळू पूर्वेकडचं आभाळ निळं होऊ लागलं. ही पंधरा-वीस मिनिटं वर्षभरात मला सगळ्यात प्रिय. जाळ नारिंगी, आभाळ निळं, आणि दोन्ही उजेड जवळजवळ बरोबरीला आलेले, त्यामुळे सेन्सरला कुणाला सोडावं लागत नाही. ३२०० चा १६०० झाला, १६०० चा ८००. दर दोन-तीन मिनिटांनी अंगठा चाकावर. भाचा आता विचारत नव्हता, माझ्याआधी आकडा उतरवत होता. एकदा त्याचा ८०० होता आणि माझा अजून १६०० वर; त्याचाच बरोबर होता.

सकाळी ७

ऊन डोंगरावर आलं. ढोलवाल्यांचा म्होरक्या आणि दोन बुध्ये राखेच्या कडेला बसले होते. फोटो दाखवला. दोनचा, पाय हवेत असलेला. म्होरक्याने बोटाने ठिपके मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, "हा कागदावर मिळेल का? सगळ्यांना पाहिजे."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. १२,८०० चा फोटो, दाण्यांनी भरलेला, छापायचा? त्याला हिशेब सांगितला. आमच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. चार बाय सहा इंचाच्या प्रिंटला १८०० बाय १२०० लागतात. म्हणजे मूळचे अकरा पिक्सेल मिळून प्रिंटवरचा एक ठिपका होतो, त्यांची सरासरी होते आणि दाणे तिपटीहून जास्त घटतात. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून रडण्यात अर्थ नाही. घराच्या भिंतीवर कुणी फोटो शंभर टक्के मोठा करून बघत नाही. अंगावरचे ठिपके मात्र त्या मापात राहतात, कारण ते जवळून काढलेले आहेत. डीनॉइज लावायचा नाही, हे त्याने स्वतःच म्हटलं.

किती जण म्हणून विचारलं तर म्होरक्याने मागे बघून हाक दिली आणि एकेक जण येत गेला. भाच्याने वहीत कुणाचा कुठला फोटो ते लिहिलं: लाल फेट्यावाला, मोठा ढोल, डावीकडचा उंच. पैसे पुढच्या बाजाराला मोलगीत, प्रिंट बघून. चार बाय सहाचे, मॅट कागदावर, आणि दोन भावांना मिळून एक मोठा, फ्रेमसकट.